हृदयाची लय सांभाळणारी गोळी सुरू झाली. आता ठोक्यांवर लक्ष कसं ठेवायचं?

अमिओडॅरोन, सोटॅलॉल, फ्लेकेनाइड, प्रोपॅफेनोन, ड्रोनेडॅरोन, डोफेटिलाइड. यातलं एखादं नाव तुमच्या चिठ्ठीवर आलं असेल आणि “ही गोळी बराच काळ चालेल, अधूनमधून ईसीजी काढत जा” एवढंच ऐकून तुम्ही घरी आला असाल, तर पुढचं वाचा. मी डॉक्टर नाही. यातल्या दोन गोळ्या वेगवेगळ्या काळात वर्षानुवर्षं घेतलेली रुग्ण आहे. डोस ठरवणं, बदलणं, बंद करणं हे डॉक्टरांचं काम. पण दोन भेटींच्या मधले महिने आपल्यालाच काढायचे असतात.

“लक्ष ठेवा” म्हणजे नेमकं काय, हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. त्यात दोन वेगळे प्रश्न असतात. एक, गोळी काम करतेय का, म्हणजे धडधडीचे झटके कमी झाले का? दोन, गोळीच हृदयाला त्रास देतेय का? पहिल्या प्रश्नाकडे आपलं आपोआप लक्ष जातं, कारण धडधड जाणवते. दुसरा प्रश्न बरेचदा काहीच न जाणवता वाढत असतो आणि तपासण्या मुख्यतः त्याच्यासाठी असतात. त्यामुळे “मला बरं वाटतंय, मग ईसीजी कशाला?” या वाक्याला काही अर्थ नाही.

हे दोन प्रश्न किती वेगळे आहेत ते १९८९ साली जगाला कळलं. कास्ट नावाच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना खालच्या कप्प्यातले जादा ठोके दाबायला फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड दिली होती. ठोके दबले. पण गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू मात्र औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त झाले. अटॅक येऊन गेलेल्याला किंवा हृदयाचं पंपिंग कमी असलेल्याला आज फ्लेकेनाइड देत नाहीत, आणि सुरू करण्याआधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) मागतात, त्याचं मूळ इथे आहे.

१. गोळी सुरू होण्याआधीचा ग्राफ मिळवा

सगळ्यात मोलाचा कागद हाच. नंतरचा प्रत्येक ईसीजी याच्याशी ताडून पाहायचा असतो. गोळी आधीच सुरू झाली असेल तर दवाखान्यात जुना ईसीजी मागा. बहुतेकदा फाइलमध्ये पडलेला असतो.

ईसीजीचा कागद उष्णतेवर छपाई होणारा असतो. काही वर्षांत रेघा फिक्या पडून कागद कोरा होतो, प्लास्टिकच्या पाकिटात तर त्याहून लवकर. म्हणून त्याच दिवशी सपाट ठेवून, चांगल्या उजेडात, कोपऱ्यातली तारीख आणि बारीक चौकटी स्पष्ट दिसतील असा फोटो काढा.

फाइलमध्ये एवढं हवं:

- गोळीआधीचा ईसीजी आणि नंतरचे सगळे, तारखेच्या क्रमाने
- टूडी इकोचा रिपोर्ट
- सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी)
- लिव्हरच्या तपासण्या (एसजीओटी, एसजीपीटी) आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी)
- अमिओडॅरोन असेल तर छातीचा एक्स-रे, फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी, डोळ्यांची तपासणी
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, डोससकट. सर्दी-पित्ताच्या किरकोळ गोळ्याही त्यात हव्यात
- प्रत्येक डोसबदलाची तारीख

शेवटची ओळ लोक हमखास गाळतात. डोस कधी वाढला हे माहीत नसेल तर ग्राफ कधी आणि कशामुळे बदलला ते कुणालाच सांगता येत नाही.

२. तुमच्या गोळीचा धोका कुठला, ते समजून घ्या

सगळ्या गोळ्यांना एकच तपासणी लागू पडत नाही.

*फ्लेकेनाइड, प्रोपॅफेनोन:* या गोळ्या हृदयातल्या विजेचा वेग कमी करतात. ईसीजीवर क्यूआरएस नावाचा उंच टोकदार भाग रुंदावतो. तो मूळच्यापेक्षा साधारण २५ टक्क्यांनी वाढला की डॉक्टर डोसचा फेरविचार करतात. हा परिणाम ठोके वाढले की जास्त दिसतो, म्हणून काही डॉक्टर ट्रेडमिलवर चालवून ईसीजी काढतात. झोपून काढलेला ग्राफ चांगला असताना ट्रेडमिल कशासाठी, याचं उत्तर हे आहे.

*सोटॅलॉल, डोफेटिलाइड:* इथे पाहायचा तो क्यूटी, म्हणजे खालच्या कप्प्यांना एकदा आकसून पुन्हा तयार व्हायला लागणारा विजेचा वेळ. तो फार लांबला तर टोरसाड नावाची धोक्याची लय सुरू होऊ शकते. माणूस चक्कर येऊन पडतो, क्वचित जिवावरही बेततं. म्हणून सुरुवात साधारणपणे दवाखान्यात, मॉनिटर लावून, निदान तीन दिवस ठेवून करतात. सोटॅलॉल लघवीवाटे आणि डोफेटिलाइडही बरीचशी लघवीवाटेच बाहेर पडते, त्यामुळे किडनीचं काम मंदावलं की तोच जुना डोस अंगावर येतो.

*अमिओडॅरोन:* ही क्यूटी लांबवते, पण टोरसाड क्वचित होतं. ठोके फार मंदावणं जास्त दिसतं. हिचा खरा पसारा हृदयाबाहेर आहे: थायरॉईड, लिव्हर, फुप्फुसं, डोळे, त्वचा.

*ड्रोनेडॅरोन:* लिव्हरकडे लक्ष, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत. एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित, फडफडती लय) कायमचं झालं असेल तर ही गोळी देत नाहीत, म्हणून तुमची लय अजून मूळपदावर येतेय की नाही हे ईसीजीवर पाहत राहावं लागतं. हिच्यामुळे क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसतं, पण तेवढ्यावरून किडनी बिघडली असं होत नाही.

३. कागदावरचे तीन आकडे वाचायला शिका

निदान करायला नव्हे, प्रश्न विचारायला. ईसीजीच्या कागदावर एक लहान चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद आणि पाच लहान चौकटींची एक मोठी म्हणजे २००. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर असेल तरच हा हिशेब बसतो. वेग कडेला छापलेला असतो, तो आधी बघा.

पीआर: वरच्या कप्प्याकडून खालच्या कप्प्याकडे विजेचा प्रवास. २०० च्या वर गेला तर लांबलेला.

क्यूआरएस: अडीच लहान चौकटी म्हणजे १००. गोळीआधी तुमचा १०० होता आणि आता तीन चौकटींच्या पुढे, १२५ वर गेला, तर ती २५ टक्क्यांची वाढ झाली. अर्ध्या-पाऊण चौकटीचा फरक डोळ्यांना काहीच वाटत नाही. जुना कागद शेजारी ठेवल्याशिवाय तो पकडता येत नाही.

क्यूटीसी: सगळ्यात जास्त घोळ इथे. क्यूटी ठोक्यांच्या वेगाबरोबर बदलतो, म्हणून तो वेगाप्रमाणे सुधारून घेतात. तो झाला क्यूटीसी. पण सुधारण्याची सूत्रं एकाहून जास्त आहेत. समजा दोन ठोक्यांमध्ये २० लहान चौकटी आहेत, म्हणजे मिनिटाला ७५ ठोके, आणि क्यूटी १० चौकटी, म्हणजे ४००. बॅझेटच्या सूत्राने क्यूटीसी ४४७ येतो, फ्रिडेरिशियाच्या सूत्राने ४३१. कागद तोच, हृदय तेच. ठोके जलद असले की बॅझेट आकडा आणखी फुगवतो. तेव्हा गेल्या वेळी ४३१ आणि आता ४४७ दिसला म्हणून झोप उडवण्याआधी दोन्ही मशीनची सूत्रं एकच आहेत का, ते विचारा.

साधारणपणे पुरुषांत ४५० आणि स्त्रियांत ४६० पर्यंतचा क्यूटीसी ठीक धरतात. ५०० ओलांडला की तातडीने डॉक्टरांना कळवायचं. मधल्या पट्ट्यात आधीच्या आकड्यापासून किती हलला, हे जास्त महत्त्वाचं. एट्रियल फिब्रिलेशन चालू असताना किंवा बंडल ब्रांच ब्लॉक (खालच्या कप्प्यांकडे जाणारी विजेची एक वाट अडलेली) असताना मशीनने छापलेला क्यूटीसी फारसा भरवशाचा नसतो. तेव्हा डॉक्टर बऱ्याच ठोक्यांची सरासरी हाताने काढतात. “सर, हा आकडा हाताने तपासलाय का?” असं विचारायला संकोच करू नका.

आणखी एक: ईसीजीच्या दिवशी गोळी चुकवू नका. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून अनेकजण सकाळची गोळीच टाळतात आणि मग गोळीचा परिणाम उतरलेला असताना काढलेला ग्राफ “उत्तम” येतो. सकाळची गोळी पाण्याबरोबर घ्यायची का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या आणि ईसीजीच्या कागदावर शेवटच्या डोसची वेळ पेनने लिहून ठेवा.

४. घरी नाडी मोजा, पण पूर्ण मिनिट

पाच मिनिटं शांत बसा. अंगठ्याच्या खाली, मनगटावर दोन बोटं ठेवा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायची सवय सोडा. लय अनियमित असेल तर ते गणित फसतं. साठ सेकंद मोजा आणि दोन गोष्टी लिहा: आकडा, आणि ठोके एकसारखे होते की नव्हते.

बीपीच्या मशीनवर आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर नाडीचा आकडा येतो, पण तो फसवू शकतो. प्रत्येक दुसरा ठोका जादाचा आणि कमजोर असेल तर तो मनगटापर्यंत पोचतच नाही. मशीन ३८ दाखवतं, हृदय प्रत्यक्षात ७६ वेळा आकसत असतं. असा आकडा दिसला आणि तुम्हाला बरं वाटत असेल, तर आधी ईसीजी. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल तर मात्र वाट बघायची नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये बीपीही एकदाच मोजून विश्वास ठेवू नका. दोन-तीन वेळा मोजा.

दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, आणि त्रास झाला तर त्या वेळी. एवढं पुरतं. तासातासाला बोटं मनगटाशी नेणाऱ्यांची धडधड त्या मोजण्यानेच वाढते.

५. घड्याळाकडून काय घ्यायचं, काय नाही

स्मार्टवॉच दोन प्रकारे काम करतं. दिवसभर मागच्या हिरव्या दिव्याने नाडीचा अंदाज घेतं, आणि काही मॉडेलमध्ये दुसऱ्या हाताचं बोट टेकवून तीस सेकंदांचा ईसीजी काढता येतो. पहिला प्रकार इशारा देतो, दुसरा पुरावा. धडधड सुरू झाली की हात टेबलावर टेकवून, न बोलता, ईसीजी काढा आणि पीडीएफ साठवा. वर्णनापेक्षा ही एक पट्टी डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगते.

मात्र दवाखान्यातला ईसीजी हृदय बारा कोनांतून पाहतो, ही त्यातल्या एकाच कोनातली पट्टी आहे. लय अनियमित आहे का, हे तीत बरं दिसतं. क्यूआरएस आणि क्यूटीच्या देखरेखीसाठी ती दवाखान्यातल्या ईसीजीची जागा घेत नाही आणि हार्ट अटॅक तिला ओळखता येत नाही. घड्याळ “सामान्य लय” म्हणतंय म्हणून छातीतली कळ दुर्लक्षू नका. ठोके फार जलद किंवा फार मंद असले की ते “निष्कर्ष नाही” म्हणून मोकळं होतं; तरीही पट्टी साठवा, डॉक्टर ती वाचू शकतात.

६. होल्टर लावाल तेव्हा

होल्टर म्हणजे २४ किंवा ४८ तासांचा सलग ईसीजी. अमेरिकी शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांच्यावरून हे नाव पडलं. त्यांचं सुरुवातीचं यंत्र पाठीवर वाहावं लागे आणि वजन ३८ किलोच्या आसपास होतं. आताचं खिशात मावतं, तेव्हा कुरकुर करायला जागा नाही.

जाताना छातीला तेल, क्रीम, पावडर काही नको. पुढून उघडणारा सैल शर्ट घाला. केस असतील तर तिथले थोडे काढतात. नाहीतर चिकटपट्टी घामाने सुटते आणि रात्रभर नुसता खरखराट नोंदला जातो. पट्टीखाली दुसऱ्या दिवशी खाज सुटतेच, पण ओढू नका. नेहमीच्या हालचाली करा. जिना चढल्यावर धडधडत असेल तर जिना चढायलाच हवा.

सोबतची डायरी नीट भरा. “११:४०, जिना चढल्यावर दोन मिनिटं फडफड, हलकी चक्कर” अशी नोंद हवी. “दुपारी बरं वाटलं नाही” याचा काही उपयोग होत नाही. त्रास महिन्यातून एखादाच होत असेल तर २४ तासांच्या होल्टरमध्ये तो सापडेल ही आशा भाबडी आहे. त्यासाठी दोन आठवड्यांपर्यंत चालणारे पॅच असतात, आणि फारच क्वचित होणाऱ्या बेशुद्धीसाठी कातडीखाली बसवायचा, काही वर्षं चालणारा लूप रेकॉर्डर.

७. रक्ताच्या तपासण्यांचं वेळापत्रक

अमिओडॅरोनवर असाल तर टीएसएच आणि लिव्हरच्या तपासण्या साधारण दर सहा महिन्यांनी, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे वर्षातून एकदा. डोळ्यांत धूसर दिसू लागलं किंवा दिव्याभोवती वलय दिसलं तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे.

थायरॉईडचं थोडं सविस्तर सांगते. अमिओडॅरोनच्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भाग आयोडीन असतो. त्यामुळे थायरॉईड मंदही होऊ शकतं आणि भडकूही शकतं. भडकलं की वजन उतरतं, हात थरथरतात, आणि वर्षभर शांत असलेली धडधड परत येते. अशा वेळी “गोळी पुरत नाही” असं वाटून डोस वाढवण्याचा विचार येतो. त्याआधी टीएसएच व्हायला हवा. दबलेली लय अचानक परत आली की हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

सोटॅलॉल किंवा डोफेटिलाइडवर असाल तर क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ही तुमची मुख्य तपासणी. दर किती महिन्यांनी करायची ते तुमच्या किडनीवर ठरतं.

८. सगळ्यात मोठा सापळा: बाकीची औषधं आणि साधे जुलाब

बरीचशी संकटं हृदयाच्या गोळीने एकटीने घडत नाहीत. मधेच काहीतरी किरकोळ येतं आणि गाडी घसरते. जुलाब-उलट्या घ्या. शरीरातलं पाणी कमी झालं की किडनी मंदावते आणि सोटॅलॉल साठायला लागतं. त्याच वेळी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम बाहेर जातं, आणि ते कमी झालं की क्यूटी आणखी लांबतो. त्यात उलटी थांबवायला ऑन्डान्सेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोन दिलं, जुलाबाला लिव्होफ्लॉक्सासिन दिलं, तर तीही क्यूटी लांबवणारी औषधं. प्रत्येक पाऊल आपापल्या जागी बरोबर, पण एकाच दिवशी, एकाच माणसात ती एकत्र येतात.

क्यूटी लांबवणारी, सहज लिहून दिली जाणारी आणखी काही नावं: अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, फ्लुकोनॅझोल, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सिटॅलोप्रॅम, हॅलोपेरिडॉल. यादी याहून लांब आहे, म्हणून पाठ करत बसू नका. दातांच्या डॉक्टरांपासून त्वचेच्या डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाला पहिल्या वाक्यात सांगा: “मी हृदयाच्या लयीची अमुक गोळी घेतो, क्यूटी लांबवणारं औषध चालेल का ते बघून द्या.”

अमिओडॅरोनची आणखी भांडणं आहेत. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम ती वाढवते, आणि तोही हळूहळू, आठवड्यांनंतर. म्हणून सुरुवातीला आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) वारंवार बघावा लागतो. डिगॉक्सिनचा डोस सहसा निम्मा करतात. सिम्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर नको. ग्रेपफ्रूटचा रस टाळा. बीटा ब्लॉकर, व्हेरापॅमिल किंवा डिल्टियाझेम यांसारखी ठोके मंदावणारी गोळी सोबत असेल तर ठोके फार मंदावतात का, ते पाहत राहा.

कोरडा खोकला आणि चालताना लागणारी धाप अमिओडॅरोनवर असताना नव्याने सुरू झाली, तर सर्दीचा खोकला समजून परस्पर अझिथ्रोमायसिनचा कोर्स घेऊ नका. फुप्फुसांवरचा परिणाम आहे का, हे आधी पाहावं लागतं.

९. या वेळी मोजत बसायचं नाही

- बेशुद्ध पडणं किंवा पडता पडता वाचणं, विशेषतः क्यूटी लांबवणाऱ्या गोळीवर
- छातीत दुखणं, बसल्या जागी धाप
- चेहरा वाकडा होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं
- फ्लेकेनाइड किंवा प्रोपॅफेनोनवर असताना एकदम मिनिटाला २०० च्या आसपास, घड्याळासारखी नियमित धडधड. या गोळ्यांमुळे वरच्या कप्प्यातला फ्लटर (तिथली फार जलद, नियमित लय) मंदावतो आणि मग त्याचा प्रत्येक ठोका खाली उतरू शकतो. हे होऊ नये म्हणूनच बरेचदा सोबत बीटा ब्लॉकर दिलेला असतो. तो “बीपी तर नॉर्मल आहे” म्हणून परस्पर बंद करू नका

यातलं काही झालं तर थेट तातडीच्या विभागात. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, आणि फाइल सोबत न्या. तिथल्या डॉक्टरांनी तुम्हाला पूर्वी कधी पाहिलेलं नसतं. गोळीआधीचा ईसीजी आणि औषधांची यादी पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्या हातात पडली की उपचारांची दिशाच बदलू शकते.

गोळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लय महिनोन्‌महिने चांगली राहिली म्हणून तीही सोडू नका. फिब्रिलेशनचे कितीतरी झटके काही न जाणवताच येऊन जातात.

१०. गोळी थांबली किंवा बदलली तर

सोटॅलॉल किंवा फ्लेकेनाइड काही दिवसांत शरीराबाहेर जातं. अमिओडॅरोन नाही. ती चरबीत साठते आणि निम्मी व्हायलाच सरासरी दोन महिन्यांच्या आसपास लागतात, काहींना तीन महिन्यांहून जास्त. म्हणून थांबवल्यानंतरही टीएसएचची पुढची तारीख रद्द करू नका, उन्हात जाताना अंग झाकत राहा, आणि त्यानंतरच्या महिन्यांत कुठल्याही डॉक्टरांनी “सध्या हृदयासाठी काय चालू आहे?” असं विचारलं तर “काही नाही” म्हणू नका. “अमिओडॅरोन अमुक तारखेला बंद झाली” असं सांगा आणि ती तारीख फाइलच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर लिहून ठेवा.